२००४ ची यांकीज–रेड सॉक्स सिरीज: एका चोरलेल्या बेसवर लोक अजून का रडतात?

नवखा_बॉस्टनकर:

मंडळी नमस्कार, इथे बेसबॉलवाले कोणी आहेत का? मी आठ महिन्यांपूर्वी बॉस्टनला आलोय, जन्मभर क्रिकेट सोडून दुसरं काही बघितलेलं नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमच्या टीममध्ये पन्नाशीचा एक माणूस आहे, एरवी त्याच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार. परवा जेवताना विषय निघाला आणि त्याने फोनवर मला एक क्लिप दाखवली. जेमतेम काही सेकंदांची. एक जण पहिल्या बेसपासून थोडा पुढे येऊन उभाय, पिचर बॉल टाकतो, हा सुसाट सुटतो, दुसऱ्या बेसवर पोटावर घसरत जातो, धूळ उडते आणि अंपायर आपल्याकडे वाइडला पसरतात तसे दोन्ही हात पसरतो. संपली क्लिप. ना सिक्स, ना विकेट, ना मॅच जिंकली. आणि दाखवणाऱ्याच्या डोळ्यात पाणी! मी विचारलं मग पुढे ह्या हिरोने बॅटिंगला काय दिवे लावले, तर म्हणे काही नाही, त्या अख्ख्या सिरीजमध्ये त्याने बॅटच हातात घेतली नाही. मी गप्प बसलो, उगाच बावळट दिसायला नको.

घरी येऊन शोधलं तर कळलं की २००४ ची सिरीज होती, बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज, बॉस्टन ३-० ने मागे होतं आणि मग लागोपाठ चार जिंकले. बरं, हे भारी आहे मान्य, पण असं कधीतरी होणारच ना? की ह्यात अजून काही आहे? आणि कुठला तरी शाप होता म्हणतात ती काय भानगड? कोणीतरी क्रिकेटवाल्याला कळेल असं सांगा प्लीज. (आमचा मॅनेजर न्यूयॉर्कचा आहे, त्याच्यासमोर ह्या विषयावर हसायचं की नाही तेही सांगा.)

---

डावखुरी:

मॅनेजरसमोर अजिबात हसू नकोस, अप्रेजल होईपर्यंत तरी :)

मी २००२ ला शिकायला बॉस्टनला आले, त्यामुळे २००३ चं दुःख आणि २००४ चं वेड दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. आधी थोडं बॅकग्राउंड देते नाहीतर तुला ती क्लिप कळायचीच नाही.

ही फायनल नव्हती. अमेरिकन लीगची फायनल म्हण हवं तर, म्हणजे आपल्या भाषेत सेमी, जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जातो. सात मॅचची सिरीज, जो आधी चार जिंकेल तो पुढे. आणि ह्या दोन टीम एकाच डिव्हिजनमधल्या, तेव्हा सीझनमध्येच एकमेकांशी १९ वेळा खेळायच्या. २००३ ला १९ अधिक प्लेऑफच्या ७, २००४ ला परत १९ अधिक ७, म्हणजे दोन वर्षांत ५२ मॅच! एवढ्या वेळा तर माणूस सख्ख्या भावाला भेटत नाही. २००३ ची सातवी मॅच अकराव्या इनिंगला गेली, तिथे ॲरन बून नावाच्या यांकीजवाल्याने आमच्या टिम वेकफिल्डच्या पहिल्याच बॉलवर होमरन, म्हणजे आपला सिक्स समज, मारला आणि आम्ही घरी. त्या रात्री आमच्या डॉर्मच्या कॉमन रूममध्ये मुलं भिंतीला डोकं लावून बसली होती आणि मला कळत नव्हतं की ह्यांना काय बोलावं. आमच्याकडे मयताला गेल्यावर बसतात तसंच बसले मग मी पण.

त्यात मधल्या हिवाळ्यात ॲलेक्स रॉड्रिग्ज, त्या वेळचा सगळ्यात महागडा खेळाडू, बॉस्टनला येता येता राहिला, कारण पगार कमी करून यायला प्लेयर्सच्या युनियनने परवानगी दिली नाही, आणि दोन महिन्यांत यांकीजनी त्याला उचलला. जखमेवर मीठ म्हणजे किती मीठ.

तर २००४. पहिली मॅच न्यूयॉर्कला १०-७ हरलो, दुसरी ३-१ हरलो, तिसरी घरी फेनवे पार्कवर १९-८. एकोणीस! हिदेकी मात्सुईने एकट्याने पाच हिट मारले. त्या आधी बेसबॉलमध्ये सात मॅचच्या सिरीजमध्ये ३-० ने मागे पडून जिंकणं सोड, सातवी मॅच तरी गाठली असं कोणीही नव्हतं. तेव्हा "कधीतरी होणारच" असं नाहीये ते, शंभर वर्षांत झालं नव्हतं.

आता तुझी क्लिप. चौथी मॅच, १७ ऑक्टोबर, यांकीज ४-३ ने पुढे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, बॉस्टनची बॅटिंग. तीन आउट झाले की सीझन संपला. आणि समोर बॉल टाकायला मारियानो रिव्हेरा. हा माणूस म्हणजे डेथ ओव्हरचा बाप समज, क्लोजर म्हणतात त्याला, शेवटी येऊन मॅचला कुलूप लावायचं एवढंच काम. एकच बॉल टाकायचा, कटर, सगळ्यांना माहीत असायचं की हाच येणार आणि तरी लागायचा नाही, डावखुऱ्यांच्या तर बॅटी मोडायच्या. (म्हणून मला त्याचा विशेष राग. नावावरून कळलं असेलच.)

त्याने पहिल्याच बॅटरला, केव्हिन मिलारला, वॉक दिला, म्हणजे चार बॉल बाहेर टाकले आणि तो फुकटात पहिल्या बेसवर. मिलार धावायला बैलगाडी, म्हणून मॅनेजर टेरी फ्रँकोनाने त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्सला पाठवला. तो टीममध्ये होताच मुळी पळण्यासाठी, जुलैच्या शेवटच्या दिवशी त्याला डॉजर्सकडून आणलेला. आता गंमत बघ, मैदानावरच्या पस्तीस हजार लोकांना, यांकीजला, रिव्हेराला, टीव्हीवर बघणाऱ्या आजीला, सगळ्यांना माहिती होतं की हा चोरी करणार, म्हणजे बॅटरने बॉल मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठणार. लपवाछपवी काही नाहीच. रिव्हेराने बॅटरला बॉल टाकायच्या आधी तीन वेळा पहिल्या बेसवर फेकून त्याला पकडायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा अगदी थोडक्यात वाचला. आणि मग बिल म्युलरला टाकलेल्या पहिल्याच बॉलवर हा सुटला. कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला होता रे, वाईट नव्हता. दुसऱ्या बेसवर यांकीजच्या जीटरने बॉल घेऊन ग्लोव्ह खाली आणला तोपर्यंत रॉबर्ट्सचा हात बेसला लागला होता. फरक किती, तर बोटभर.

दुसऱ्या बेसवर माणूस असला की साध्या सिंगलवर रन येतो. म्युलरने रिव्हेराच्या बाजूने सरळ मधून सिंगल मारला, रॉबर्ट्स घरी, म्हणजे होम बेसवर, एक रन, ४-४. तो पहिल्या बेसवरच असता तर त्याच सिंगलवर फार तर तिसऱ्यावर पोचला असता, आणि पुढचं पुढे. आता क्लिप परत बघ.

---

जर्सीकाका:

झालं का रडून? आता दुसऱ्या बाजूचंही ऐका.

मी १९९४ पासून न्यू जर्सीत आहे, यांकीजचा माणूस, आणि ही सिरीज मी शेवटच्या बॉलपर्यंत बघितलेली आहे, त्यानंतर परत एकदाही नाही. हायलाइट लागल्या की मी चहा करायला उठतो.

पहिली गोष्ट, गरीब बिच्चारं बॉस्टन ही जी गोष्ट सांगतात ना, तिला काही अर्थ नाही. यांकीजचा पगाराचा आकडा त्या वर्षी एक नंबरला होता, १८ कोटी डॉलरच्या वर, मान्य. पण दोन नंबरला कोण होतं? रेड सॉक्स. दोन सावकारांचं भांडण आहे हे, ह्यात शेतकरी कोणी नाही.

दुसरी गोष्ट, सगळे ती चौथी मॅच चघळत बसतात, पण त्या मॅचनंतरही आम्ही ३-१ ने पुढे होतो आणि कोणाला भीती वाटत नव्हती. आम्ही हरलो ते पाचव्या मॅचमध्ये. आठव्या इनिंगला ४-२ ने पुढे होतो, टॉम गॉर्डन बॉलिंगला. डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारला, ठीक आहे, तो तेव्हा कोणालाही मारत होता. मग त्याच मिलारला परत वॉक! एकदा हात भाजला तरी परत तव्यावर हात. परत रॉबर्ट्स धावायला, मग ट्रॉट निक्सनचा सिंगल, रॉबर्ट्स तिसऱ्यावर. अशा पसाऱ्यात रिव्हेराला आणला, त्यांच्या कॅचरने, व्हेरिटेकने, उंच फ्लाय मारला, कॅच झाला पण रॉबर्ट्स घरी आला, ४-४. रेकॉर्डमध्ये रिव्हेराच्या नावावर ब्लोन सेव्ह, म्हणजे हातातली आघाडी घालवली असा शेरा, लागलाय. घर दुसऱ्याने पेटवायचं आणि फायर ब्रिगेडवाल्यावर केस.

आणि नवव्या इनिंगला जे झालं ते आठवलं की अजून पोटात कालवतं. दोन आउट, रुबेन सिएरा पहिल्या बेसवर, टोनी क्लार्कने उजव्या कोपऱ्यात असा खणखणीत मारला की सिएरा डोळे मिटून घरी आला असता. पण बॉल टप्पा पडून बुटक्या कठड्यावरून प्रेक्षकात गेला. नियम असा की टप्पा पडून बाहेर गेला की सगळ्यांना फक्त दोन बेस. सिएरा तिसऱ्यावर परत उभा. तो बॉल वीतभर खाली उडाला असता तर ५-४, आणि तुमच्या शापाला अजून एक वर्ष. पुढचा बॅटर पॉप-अप, म्हणजे वर उडवून कॅच आउट. चौदाव्या इनिंगला ऑर्टिझने जॉनी डेमनला घरी आणला आणि पाच तास ४९ मिनिटांनी मॅच संपली, तोपर्यंतच्या प्लेऑफमधली वेळेने सगळ्यात लांब. चौथी रात्री १ वाजून २२ मिनिटांनी संपलेली, तीही ऑर्टिझनेच बाराव्या इनिंगला होमरन मारून, आणि पाचवी त्याच तारखेला रात्री. म्हणजे कॅलेंडरच्या एकाच दिवसात त्या माणसाने आमचं दोनदा वाटोळं केलं.

---

नवखा_बॉस्टनकर:

डावखुरीताई, परत बघितली क्लिप. ह्या वेळी जीटरचा ग्लोव्ह बघितला. बाप रे.

काका, तुमचं दुःख पोचलं. पण एक बेसिक शंका, नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर मग किती इनिंग खेळत राहतात? ड्रॉ नाही, सुपर ओव्हर नाही?

---

जर्सीकाका:

प्लेऑफला काहीही नाही. कोणीतरी पुढे जाईपर्यंत खेळायचं. पहाट झाली तर पहाट. पाहुणी टीम आधी बॅटिंग करते, यजमान नंतर, यजमान पुढे गेले की तिथेच संपलं, नाहीतर इनिंग पूर्ण झाल्यावर पाहुणे पुढे असतील तर संपलं.

---

स्कोअरबुक:

उशिरा आलोय पण हा धागा बघून राहवलं नाही. वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय, पण दोघांचीही मॅच चुकली असं माझं मत आहे. सिरीज फिरली ती तिसऱ्या मॅचमध्ये, १९-८ वाल्या. हसू नका, ऐका.

क्रिकेटवाल्यांना बेसबॉलमधली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे पिचरचा हात. पहिला पिचर शंभरेक बॉल टाकतो आणि मग चार दिवस आराम करतो, त्याला उद्या परत आणता येत नाही. त्याच्या मागे बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, सहा-सात जण, ते एकेक दोनदोन इनिंग टाकतात पण तेही रोज रोज टाकून मरतात. म्हणजे आपल्याकडे कसोटीत बॉलर दमतात तसंच, फक्त इथे रोज नवी कसोटी. त्यामुळे सात मॅचच्या सिरीजमध्ये खरा हिशोब रनांचा नसतोच, कोणाकडे किती हात शिल्लक आहेत ह्याचा असतो.

आता बघा, १५ ऑक्टोबरला शुक्रवारी फेनवेवर पाऊस पडला आणि तिसरी मॅच शनिवारी गेली. मधला एक सुट्टीचा दिवस होता तो त्यामुळे गेला. तिसरी ते सातवी, सलग पाच दिवस पाच मॅच, मध्ये बॉस्टन ते न्यूयॉर्क प्रवास धरून. हे वेळापत्रक दोन्ही टीमना सारखंच होतं, पण कोणाला जास्त सोसेल ते त्या शनिवारी ठरलं.

१९-८ च्या मॅचमध्ये बॉस्टनचा पहिला पिचर तिसऱ्या इनिंगलाच बाहेर. पुढचे आले, तेही मार खाऊन गेले. अशा वेळी मॅनेजरपुढे दोन वाईट रस्ते असतात, एकतर हरलेल्या मॅचमध्ये चांगले बॉलर जाळायचे किंवा मॅच सोडून द्यायची म्हणून कोणालातरी बळी द्यायचा. तेव्हा वेकफिल्ड स्वतःहून म्हणाला मी टाकतो. लक्षात घ्या, दुसऱ्या दिवशीची चौथी मॅच त्याची होती, सुरुवात त्याने करायची ठरलेली. ती त्याने सोडली. आणि तीनेक इनिंग टाकल्या, पाच रन खाल्ले, स्वतःचे आकडे मातीत घातले. वर्षभरापूर्वी ज्याच्या बॉलवर बूनने सीझन संपवला होता तोच हा माणूस. नक्कल बॉल टाकायचा, म्हणजे बोटांच्या टोकांनी धरून अजिबात फिरकी न देता सोडलेला बॉल, हवेत फुलपाखरासारखा भिरभिरत जातो, टाकणाऱ्यालाही माहीत नसतं कुठे जाणार. वेग कमी, त्यामुळे हात कमी दमतो.

ह्याचा परिणाम काय झाला? बॉस्टनचा क्लोजर कीथ फोल्क त्या दिवशी बसून राहिला. मग चौथ्या, पाचव्या, सहाव्या, लागोपाठ तीन दिवस तीन मॅचमध्ये त्याने मिळून पाच इनिंग टाकल्या. क्लोजरने एवढं टाकणं म्हणजे वेडेपणा आहे, पण टाकले. वेकफिल्डच्या जागी चौथ्या मॅचला डेरेक लो आला, ज्याला प्लेऑफच्या आधी रोटेशनमधून, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरांच्या पाळीतून, काढून टाकलेलं होतं, नाराज होता बिचारा. आणि पाचव्या मॅचच्या बाराव्या इनिंगला बॉस्टनकडे कोणीच उरलं नाही तेव्हा परत कोण आलं? वेकफिल्ड. तीन इनिंग, शून्य रन. तेराव्या इनिंगला तर व्हेरिटेकच्या हातून त्याचे बॉल तीनदा निसटले, कारण नक्कल बॉल पकडायला जो नेहमीचा कॅचर होता तो त्या वेळी खेळत नव्हता, यांकीजचे दोघे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पोचले. चौथा निसटला असता तर काकांनी आज चहा केला नसता. सिएरा स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला.

उलट यांकीजनी काय केलं? चौथ्या मॅचला रिव्हेराला आठव्या इनिंगलाच आणलं होतं, पाचव्यालाही दोन इनिंग. दोन रात्रीत २६ इनिंग खेळल्यावर सातव्या मॅचला त्यांच्याकडे पहिला पिचर म्हणून केव्हिन ब्राउन, ज्याची पाठ दुखत होती आणि ज्याने सप्टेंबरमध्ये रागाच्या भरात भिंतीवर बुक्की मारून स्वतःचा हात मोडून घेतला होता. बॉस्टनकडे तोच डेरेक लो, फक्त दोन दिवस आराम करून, सहा इनिंग टाकल्या आणि फक्त एक हिट दिला. एक!

मिलार चौथ्या मॅचच्या आधी मैदानावर सगळ्यांना सांगत फिरत होता की आज आम्हाला जिंकू देऊ नका, कारण उद्या आमचा पिचर पेड्रो मार्टिनेझ आहे आणि सहाव्याला शिलिंग. लोकांना ती बडबड वाटली. तो हिशोब होता.

---

डावखुरी:

@स्कोअरबुक, मान गये. वेकफिल्डचं सगळ्यांनाच माहीत असतं पण फोल्कच्या पाच इनिंगशी मी कधी जोडलं नव्हतं. २०२३ मध्ये वेकफिल्ड गेला तेव्हा आमच्या इथे लोकांनी कोणती मॅच आठवली माहितीये? जिंकलेली नाही, ही १९-८ वालीच.

पण सहावी मॅच कोणीच सांगितली नाही! कर्ट शिलिंगच्या उजव्या घोट्यातला टेंडन जागेवर राहत नव्हता, पहिल्या मॅचमध्ये त्याने तीन इनिंगमध्ये सहा रन खाल्ले होते. मग डॉक्टरने घोट्याची कातडी आतल्या भागाला टाके घालून शिवली, म्हणजे टेंडनला भिंत तयार केली, आणि ही युक्ती आधी मृतदेहाच्या पायावर करून बघितली होती. तसा तो आला, सात इनिंग, एक रन. टीव्हीवर मोज्यावर लाल डाग दिसत होता आणि कॅमेरावाला दर मिनिटाला तिकडेच. मी तेव्हा पांघरूण तोंडावर घेऊन एका डोळ्याने बघत होते.

---

जर्सीकाका:

तो मोजा! आला का मोजा!

माझा प्रश्न तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे: समोरच्याचा घोटा शिवलाय, त्याला नीट पळता येत नाही, मग बंट का नाही केलं? बॅट नुसती अडवून बॉल हळूच पुढे टाकायचा, पिचरला वाकायला लावायचं, धावायला लावायचं. आमचे पठ्ठे ताठ मानेने मोठे फटके मारत बसले. सभ्यपणा वाटला की काय कोण जाणे.

आणि त्याच मॅचमध्ये बॉस्टनच्या बेलहॉर्नचा होमरन आधी अंपायरने डबल, म्हणजे दोनच बेस, दिला होता. बॉल प्रेक्षकातल्या एकाच्या छातीला लागून परत मैदानात आला, ते अंपायरला दिसलं नाही. मग सगळे अंपायर एकत्र जमून चर्चा करून होमरन दिला, तीन रन. तेव्हा व्हिडिओ रिव्ह्यू नव्हता, तो होमरनसाठी २००८ ला आला. निर्णय बरोबर होता हो, मी खोटं बोलणार नाही. पण त्याच रात्री आठव्या इनिंगला आमच्या रॉड्रिग्जने पहिल्या बेसकडे पळताना बॉस्टनचा पिचर अरोयो ह्याच्या ग्लोव्हवर चापट मारून बॉल पाडला, जीटर धावत घरी आला, आम्ही नाचलो, आणि परत अंपायर जमले, परत निर्णय फिरवला, रॉड्रिग्ज आउट, जीटर परत पहिल्या बेसवर. तोही बरोबरच होता. बायको म्हणाली, अहो लहान मुलं भांडताना मारतात तशी मारली की त्याने. काय बोलणार, तशीच मारली होती. त्यानंतर लोकांनी मैदानात एवढं सामान फेकलं की नवव्या इनिंगला पोलिस हेल्मेट घालून बाउंड्रीला बसवले. ४-२.

सातवी विचारू नका. पहिल्याच इनिंगला डेमन घरी येताना आउट झाला तेव्हा वाटलं चला, आपला दिवस आहे. पुढच्याच बॉलवर ऑर्टिझचा होमरन. दुसऱ्या इनिंगला बेस भरलेले असताना डेमनचा, तोही पहिल्याच बॉलवर. ६-० झाल्यावर मी लॉनला पाणी घालायला बाहेर गेलो. ऑक्टोबरात. रात्री. १०-३.

---

नवखा_बॉस्टनकर:

काका, लॉनला पाणी :D

मी आता चौथी मॅच पूर्ण बघायला घेतलीये, तुकड्या तुकड्यात. ईडनची २००१ ची टेस्ट आठवली, फॉलोऑननंतर लक्ष्मण-द्रविडवाली, पण तिथे निदान एकाच मॅचमध्ये सगळं झालं होतं. आणि शापाचं राहिलंच.

---

स्कोअरबुक:

शापाचं थोडक्यात. १९१८ पर्यंत बॉस्टनने पाच वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या, यांकीजनी शून्य. १९१९ च्या डिसेंबरात बॉस्टनचे मालक हॅरी फ्रेझी ह्यांनी बेब रूथला यांकीजला एक लाख डॉलरला विकलं, बातमी जानेवारीत फुटली. त्यानंतर २००४ पर्यंत यांकीज २६, बॉस्टन शून्य. मधे १९७८ ला यांकीजच्या बकी डेंटसारख्या हलक्या हाताच्या बॅटरनेसुद्धा बॉस्टनला होमरन मारून घालवलं, आणि २००४ च्या सातव्या मॅचला यांकीजनी पहिला मानाचा बॉल टाकायला त्याच डेंटला बोलावलं होतं, जखम उकरायला. उपयोग झाला नाही. माझ्या मते शाप वगैरे काही नसतं, फ्रेझीनंतरही ८० वर्षं बऱ्याच लोकांनी बरेच वाईट निर्णय घेतले आणि सगळ्याचं खापर मेलेल्या रूथवर फोडलं. वर्ल्ड सिरीज मग सेंट लुईसविरुद्ध ४-० ने जिंकली, शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे शापवाल्यांना अजूनच बळ आलं.

---

डावखुरी:

आणि एक राहिलं. २०२४ ची वर्ल्ड सिरीज आठवते का, डॉजर्स विरुद्ध यांकीज? डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स, तोच, क्लिपमधला. यांकीजचा मॅनेजर ॲरन बून, तोच, २००३ चा होमरनवाला. वीस वर्षांनी दोघे समोरासमोरच्या डगआउटमध्ये, च्युइंगम चघळत. रॉबर्ट्स ४-१ ने जिंकला. मी बॉस्टनची, मला डॉजर्सशी काय घेणं, पण त्या दिवशी घरात पेढे आणले.

---

जर्सीकाका:

आणलेस तर आणलेस, इथे कशाला सांगतेस. २०२५ च्या वाइल्ड कार्डला, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, तिसऱ्या मॅचमध्ये आमच्या श्लिटलरने तुमच्या १२ जणांना स्ट्राइक आउट केलं तेव्हा आम्ही पण आणले होते. आणि पोरगा कुठला? वॉलपोल, मॅसॅच्युसेट्स. तुमच्याच अंगणातला.

@नवखा, तुझ्या त्या सहकाऱ्याला एक विचार. २००५ च्या एप्रिलमध्ये फेनवेवर बॉस्टनवाल्यांना चॅम्पियनच्या अंगठ्या दिल्या, समोर योगायोगाने यांकीजच होते. ओळखपरेड झाली तेव्हा रिव्हेराचं नाव आलं आणि अख्खं फेनवे त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं, टोमणा म्हणून, तूच जिंकवलंस आम्हाला म्हणून. तो माणूस काय करावा? टोपी काढली आणि मनापासून हसला. पुढे २०१९ ला हॉल ऑफ फेमला शंभर टक्के मतं मिळाली, तोपर्यंत कोणालाच मिळाली नव्हती. तेवढा भाग मी बघतो परत परत, त्याला चहा करायला उठत नाही.

---

नवखा_बॉस्टनकर:

विचारलं आज. तो होता त्या दिवशी फेनवेवर, वडिलांबरोबर. म्हणाला टोमणा म्हणूनच सुरू केल्या होत्या टाळ्या, पण तो हसल्यावर थांबवता येईनात.